रोजच्या वाटणीतील न्याय

(वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७)



नागपूरहून रायपूरकडे जाताना दुर्गच्या अलीकडे रसमडा हे लहानसे स्थानक लागते. भोवती लोखंडाचे कारखाने आहेत. पुढे भिलाईचा पोलाद कारखाना. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी पेटली. तिला लागणारे खनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येई. डोंगर पोखरले गेले ते तेथील रहिवाशांच्या दाराशी. स्वामित्वधन मात्र दूरच्या तिजोरीत जमा होत राहिले.

२०१५ साली खाणकायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या पट्टेदारांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के, तर लिलावात पट्टा घेणाऱ्यांनी १० टक्के इतकी जादा रक्कम खाणबाधितांसाठी द्यावी, असे ठरले. पाणी, आरोग्य व शिक्षण यांना त्यात अग्रक्रम मिळाला.

परंतु निधी वेगळा काढला म्हणजे न्याय झाला काय? यरुशलेमेतील मंडळीतही अन्न होते, वाटणीही रोज होती. तरी हेल्लेणी विधवा उपेक्षित राहिल्या. प्रेषितांनी त्यांच्या कुरकुरीला अविश्वास म्हटले नाही, की धीर धरण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी व्यवस्था बदलली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे ध्यानात घ्या. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच हाती वाटणी सोपवली गेली. लूक पुढे लगेच सांगतो की, देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला. न्याय्य वाटणी ही सुवार्तेची वाट मोकळी करते.

महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्यात येऊ लागला. त्याच्या विनियोगात ग्रामसभेला स्थान आहे. गरज कोणती, हे गरजवंताने सांगावे, हेच त्यातील मर्म होय.

बंधुभगिनींनो, शासनाकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या मंडळीची हिशेबवही उघडू या. शहरातील मंदिराच्या सुशोभनास किती आणि आडगावच्या उपासनागृहाच्या गळक्या छपरास किती? आपल्या समितीत त्या गावचा कोणी बसतो काय? आणि आपल्या गावच्या ग्रामसभेत निधीचा हिशेब निघतो, तेव्हा आपण तेथे असतो काय?

हे प्रभो, जे आम्ही वाटतो त्यात, आणि ज्यांना वाटताना विसरतो त्यांच्यात, तुला पाहण्याची दृष्टी आम्हांस दे. आमेन.