खोडलेले सुवर्णपदक

मानचिन्हाचे मोल कशात असते? धातूत, त्यावरील अक्षरांत, की देणाऱ्याच्या हातात? चीनच्या बादशाही दरबाराने दिलेल्या एका सुवर्णपदकाची कथा वाचताना हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

तैपिंगांच्या बंडाने १८५० ते १८६४ या काळात चीन उजाड केला. मृतांची संख्या दोन कोटींच्या घरात असावी असा अंदाज आहे. बादशहाच्या बाजूने लढणाऱ्या 'सदाविजयी सेने'चे नेतृत्व १८६३ च्या मार्चमध्ये चार्ल्स गॉर्डन या इंग्रज अधिकाऱ्याकडे आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सूचौ शहर पडले. शरण आलेल्या बंडखोर सरदारांना अभय मिळेल अशी गॉर्डनची समजूत होती. परंतु ली हुंग-चांग या प्रांताधिपतीने त्यांचा शिरच्छेद करविला. गॉर्डन संतापला. दरबाराकडून आलेले दहा हजार टेल रुपे त्याने नाकारले.

तथापि १८६४ च्या आरंभी तो पुन्हा त्याच लीच्या बाजूने रणात उतरला, आणि युद्धानंतर पिवळा अंगरखा व सुवर्णपदक त्याने स्वीकारले. येथे आमचे मन अडखळते. रुपे कलंकित, मग सोने निर्मळ कसे?

पुढे त्याने पदकावरील लेख खरवडून काढला आणि ते इंग्लंडातील उपाशी गरिबांच्या मदतीसाठी निनावी पाठविले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आमच्या देवळांच्या पायऱ्यांवर व समयांवरही दात्यांची नावे कोरलेली असतात. त्यांत आम्ही दोष पाहत नाही, कारण एकाचे नाव वाचून दुसऱ्यास देण्याची बुद्धी होते. गॉर्डनने नेमके उलट केले. कोणी म्हणेल, लेख राहिला असता तर हौशी ग्राहकाने सोन्याच्या वजनाहून अधिक किंमत दिली असती. म्हणजे त्याच्या गुप्ततेचा भुर्दंड गरिबांनीच सोसला! आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु नावासकट दिलेले पदक दात्याची कीर्तीच मिरवीत राहिले असते, आणि त्याला तर तीच सोडावयाची होती.

मात्र या दानाने सूचौचे रक्त धुतले गेले, असे आम्हांस म्हणवत नाही. रुपे नाकारणे हा अन्यायाचा निषेध होता. पदक देऊन टाकणे ही स्वतःच्या मोठेपणाशी झुंज होती. पहिल्या गोष्टीचा हिशेब दुसरीने चुकता होत नाही. सरदार तर परत येणार नव्हतेच.