काऊनं नेलं

मोबाईल कुठंय? काऊनं नेला. बिस्किटाचा पुडा? तोही काऊनंच नेला. रिमोट, चॉकलेट, आजीच्या डबीतली गोड गोळी, सगळं काऊनं नेलं. मराठी घरांतल्या लहान मुलांना विचाराल तर ह्या पक्ष्याच्या घरट्यात एव्हाना एक छोटं दुकान निघायला हरकत नाही. आणि चोरी फक्त कावळ्याच्याच नावावर नाही. जेवलं नाही तर बागुलबुवा येतो, रडलं तर पोलीसकाका, धावलं तर पोत्यात घालून नेणारा बाबा, आणि औषध घेतलं नाही तर बिचारे डॉक्टर सुई घेऊन. रस्त्यात हट्ट केला की ‘तू बस इथंच, आम्ही चाललो’. सकाळी ऑफिसला निघताना ‘आत्ता येते हं’.

ह्या वाक्यांना आपण खोटं म्हणत नाही. ‘समजूत काढणं’ म्हणतो. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि गेले काही महिने मला हा फरक नीटसा पटेनासा झालाय. खोटं बोलणं वाईट की चांगलं, असा बाळबोध प्रश्न मला पडलेला नाही. ज्या माणसाला आपण सत्य म्हणजे काय हे शिकवणार आहोत, त्याच्याबरोबरचा दिवस रेटायला आपल्याला इतक्या थापा का लागतात, आणि त्यातल्या कुठल्या चालतात, हा प्रश्न आहे.

तत्त्वज्ञांकडे गेलं की पहिल्यांदा कांट भेटतो. १७९७ सालच्या एका निबंधात तो म्हणतो, की तुमच्या मित्राला मारायला आलेल्या खुन्यालाही खोटं सांगण्याचा हक्क तुम्हाला नाही. शिक्षणावरच्या त्याच्या व्याख्यानांतही सत्यवचन हा मुलाच्या चारित्र्याचा एक पायाच आहे. प्लेटो दुसऱ्या टोकाला. मुलांना सुरुवातीला सांगायच्या गोष्टी एकंदरीत खोट्याच असतात, त्या कुठल्या सांगायच्या ते राज्यानं ठरवावं, असं त्याचं म्हणणं. आणि रूसो. त्यानं ‘एमिल’मध्ये (१७६२) ला फाँतेनच्या कोल्हा आणि कावळ्याच्या गोष्टीची ओळ न् ओळ उसवली आहे. ही गोष्ट ऐकून मूल फसलेल्या कावळ्याकडून शिकत नाही, ते कोल्ह्याच्या बाजूनं होतं, असा त्याचा आक्षेप. हे वाचून मी दचकलेच, कारण माझी मुलगी खरोखर दर वेळी कोल्ह्याच्या बाजूनं असते.

पण ह्या मंडळींचं ऐकताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कांटनं लग्न केलं नाही, आणि त्याच्याकडे लांपे नावाचा नोकर चाळीसेक वर्षं होता. रूसोनं आपली पाचही मुलं अनाथालयात दिली, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणून त्यांचे युक्तिवाद खोटे ठरत नाहीत. पण रात्री साडेनऊ वाजता दात घासायला तयार नसलेलं मूल त्यांच्या समोर कधी उभं नव्हतं, एवढं नक्की.

ते ज्यांच्यासमोर उभं होतं त्या माझ्या सासूबाई. दोन खोल्यांचं घर, तीन मुलं, पहाटे चारला येणारं आणि पाचला जाणारं पाणी, वर सासू-सासरे. मी एकदा त्यांना म्हटलं, “आई, तिला ‘काऊनं नेला’ म्हणण्यापेक्षा ‘नाही देणार’ असं सरळ सांगू या का?” त्या भाजी निवडत म्हणाल्या, “सांग की. पण ‘नाही’ म्हटलं की ती रडणार, मग तिच्याजवळ बसायला लागतं. तुला वेळ आहे ना बसायला?”

मला ह्यापेक्षा अचूक उत्तर कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. थाप ही थकलेल्या माणसाची सोय आहे. खरं बोलायला वेळ लागतो आणि तो वेळ घरातल्या सगळ्यांकडे सारखा नसतो. ज्या बाईच्या हातात दिवसभरात मोकळी अशी दहा मिनिटं नव्हती, तिला सत्याचे धडे देणं हे नोकर ठेवून नीतिशास्त्र लिहिण्यासारखंच आहे. तेव्हा पिढ्यानपिढ्या चालत आलेलं हे शहाणपण मोडीत काढायची घाई मला नाही. ते कुठल्या अडचणीवरचा उपाय म्हणून आलं ते मात्र बघायला हवं. आमच्या धंद्यात ‘सध्यापुरतं’ म्हणून लिहिलेला कोड पाच-पाच वर्षं तसाच राहतो. अडचण कधीच गेलेली असते, पण काढायला हात धजत नाही, कारण तो का लिहिला होता हेच कुणाला आठवत नसतं.

संशोधकांनी ह्या थापांची मोजदाद केली आहे. गेल हेमन, कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिका आणि चीनमधल्या पालकांना विचारलं, तेव्हा मुलांना वळण लावण्यासाठी खोटं बोलतो असं अमेरिकेतल्या ८४ टक्के आणि चीनमधल्या ९८ टक्के पालकांनी कबूल केलं. सगळ्यांत जास्त वापरली जाणारी थाप कुठली? ‘तू बस इथंच, आम्ही चाललो.’ म्हणजे तुळशीबागेतली आई आणि बीजिंगमधली आई एकच वाक्य बोलतात.

त्याचा परिणाम काय होतो, ह्याबद्दल मला सगळ्यांत बोलका वाटलेला प्रयोग थापांवरचा नाहीच, तो धीराबद्दलचा आहे. स्टॅनफर्डमध्ये १९६०च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर मिशेलनं सुरू केलेला मार्शमेलोचा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो. आत्ता एक खा, नाहीतर थांब आणि दोन मिळव. थांबणारी मुलं पुढं यशस्वी होतात, असं त्याचं सार मॅनेजमेंटच्या पुस्तकांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी त्याच्या आधी एक पायरी घातली. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं घेतली. आधी त्यांना चित्र काढायला बसवलं आणि मोठ्या माणसानं सांगितलं, ‘थांब, ह्याहून छान सामान घेऊन येतो.’ अर्ध्या मुलांसाठी तो खरंच घेऊन आला. उरलेल्या अर्ध्यांकडे रिकाम्या हातानं आला आणि सॉरी म्हणाला. मग मार्शमेलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं होतं ती ३. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी पहिल्या गटात चौदांपैकी नऊ होती आणि दुसऱ्या गटात एक.

२८ मुलं म्हणजे फार नाहीत, आणि त्यांच्यावरून जगाचे नियम काढू नयेत. पण मला त्यात जे दिसलं ते असं, की धीर हा त्या मुलांच्या अंगचा गुण वगैरे नव्हता. समोरच्या माणसाच्या शब्दावर लावलेली ती पैज होती. ज्याचा शब्द खोटा निघतो त्याच्यापुढं लगेच खाऊन टाकणं हा उतावळेपणा नाही, साधा व्यवहार आहे.

म्हणून माझ्या हिशेबात ‘आत्ता येते हं’ हे वाक्य कावळ्यापेक्षा फार महाग आहे. मुलगी कार्टून बघतेय तोवर मागच्या मागं सटकायचं, हा सल्ला मला शेजारणीपासून पाळणाघरापर्यंत सगळ्यांनी दिला. रडणं वाचतं हे खरं. पण आई कुठल्याही क्षणी नाहीशी होऊ शकते, एवढं मूल त्यातून शिकतं, आणि मग खेळताना त्याचा एक डोळा दारावर राहतो. आमच्याकडे मी सांगून निघते, संध्याकाळी खिडकीत दिवे लागले की येईन म्हणून. ती रडते. सासूबाई तिला घेऊन बसतात. आता त्यांच्याकडे वेळ आहे, आणि तो त्यांनी दिला. आमच्या घरातल्या खरेपणाचा निम्मा खर्च त्या भरतात, हे इथं नोंदवायला हवं.

तर मग कावळ्याचं काय करायचं? इथं मला एक वेगळाच कावळा आठवतो, घासातला. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. हेही खोटंच की. पण ते कुणाला फसवत नाही. ताटात चिऊ नाही हे मुलीला पक्कं ठाऊक असतं आणि तरी ती चिऊचा घास स्वतःच्या तोंडात घेऊन हसते. त्या खोट्याच्या आत आम्ही दोघी आहोत. मोबाईल नेणाऱ्या कावळ्याच्या आत ती एकटी आहे, मी बाहेर उभी आहे. आणखी एक फरक आहे. मोबाईल मी काढून घेतलेला असतो. नकार माझा, पण तो कावळ्याच्या गळ्यात घालून मी मोकळी होते. तिला माझ्यावर चिडताही येत नाही. मोठ्या माणसावर चिडणं आणि तरी ते माणूस तिथंच असणं, हा अनुभव मुलाला कधीतरी घ्यावाच लागतो. कावळा तो घेऊ देत नाही. पोलिसाची भीती तर ह्याहून वाईट. उद्या गर्दीत हरवली तर जिच्या मनात पोलीस म्हणजे पकडून नेणारा, ती मदत कुणाकडे मागणार?

बऱ्याच थापांची गरज मुळात मांडणीतून येते, हे मला उशिरा कळलं आणि ते कळायला ताराबाई मोडकांचं काम वाचावं लागलं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढं १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. मुलं बालवाडीत येत नव्हती. आमिष दाखवायचं, धाक घालायचा, आईबापांना बोल लावायचा, हे सगळे रस्ते मोकळे होते. त्यांनी मुलं कुठं असतात ते पाहिलं. लहानगी अंगणात होती, म्हणून बालवाडी अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी आली. मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळावं लागतं म्हणून पोर येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी केली. ह्यात पालकत्वाचं एकही सुभाषित नाही. समोरचं मूल काय करतंय हे बघणं तेवढं आहे. आमच्याकडे मोबाईल आता ड्रॉवरमध्ये असतो. तेवढ्यानं कावळ्याच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या.

ॲरिस्टॉटल म्हणतो, की तरुण माणूस भूमितीत आणि गणितात तरबेज होऊ शकतो, पण व्यवहाराचं शहाणपण त्याला येत नाही, कारण ते सुट्या सुट्या प्रसंगांतून येतं आणि प्रसंग जमायला वर्षं लागतात. गोची अशी, की आईबाप आपण भूमितीच्या वयात होतो. माझं वय एकोणतीस.

आणि आमचे आबा, माझे सासरे, ह्या माघात गेले. मुलगी चार दिवस मावशीकडे होती. परत आल्यावर तिनं विचारलं आणि सासूबाई म्हणाल्या, “आबा गावाला गेलेत.” मी काही बोलले नाही. चाळीस वर्षांचा जोडीदार गेलेल्या बाईला त्या आठवड्यात काय म्हणायचं? ते वाक्य मुलीसाठी होतं तितकंच त्यांच्यासाठीही होतं, हे कुणालाही दिसलं असतं.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. पाऊण तास झाला. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला, नाहीतर दर्भाचा कावळा करू. माझा नवरा, जो एरवी ह्यातलं काही मानत नाही, पुढं होऊन हात जोडून म्हणाला, “आबा, आईला एकटं ठेवणार नाही. नातीचं सगळं नीट करू.” कावळा आला. तो भुकेपोटी आला, हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. पण बोललेला शब्द खरा होता, आणि तो सगळ्यांच्या देखत बोलला गेला होता. मोबाईल नेणाऱ्या कावळ्याच्या बाबतीत नेमकं हेच कधी होत नाही.

‘गावाला’ महिनाभर टिकलं. मग मुलगी आपली छोटी पिशवी भरून दाराशी बसायला लागली. दोन फ्रॉक, एक गाडी, आबांचा चष्मा. आबा येत नाहीत तर आपण जाऊ, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी सासूबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “बाळा, आबा मेले. मेलेलं माणूस परत येत नाही. मीच तुला गावाला गेले म्हणाले होते.”

तिनं विचारलं, “मग चष्मा कुणाचा?”

“आबांचाच.”

ती अजून दिवसातून दोन-तीनदा तोच प्रश्न विचारते, आबा कधी येणार. सासूबाई दर वेळी तेच उत्तर देतात, न वैतागता, कधी कुकरची शिट्टी होत असताना, कधी झोपेत. मला एवढं जमलं नसतं. पिशवी अजून दाराजवळच आहे, ती काढावी की राहू द्यावी ह्यावर आमचं एकमत झालेलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, राहू दे, ती स्वतः रिकामी करेल.