घाई नसलेला प्रशिक्षक

ज्याचे पोट धावण्यावर चालत नाही तो हौशी धावपटू. बँकेत, शाळेत, दुकानात किंवा शेतात दिवस घालवायचा, पहाटे धावायचे आणि वर्षातून दोन-तीन शर्यतींत उतरायचे, असा त्याचा क्रम असतो. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये. त्यानंतर अशी माणसे तालुक्याच्या गावांतही दिसू लागली. त्यांच्यातले काही जण पुढे मैदानावरच्या मुलांकडे वळतात आणि स्थानिक अ‍ॅथलेटिक्स क्लबात प्रशिक्षक म्हणून उभे राहतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेला प्रशिक्षक मोठ्या शहरात मिळतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा चुन्याच्या रेषेवर उभे करणारा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी हौशीच असतो. भारतीय अ‍ॅथलेटिक्सची पहिली पायरी त्याच्या हातात आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे.

हौशी क्लबांनी या देशात मोठी कामे केलेली आहेत. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. १९१९ मध्ये तिथल्या शर्यती पाहताना अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या लक्षात आले की, शास्त्रशुद्ध शिक्षण नसलेली, बहुतेक अनवाणी धावणारी खेड्यातली माणसे युरोपातल्या वेळांच्या जवळपास पोहोचत आहेत. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथल्या मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद वेळ देऊन एकोणिसावे आले. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते.

धावणाऱ्या प्रशिक्षकाचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण न्यूझीलंडमधले आहे. आर्थर लिडियार्ड (१९१७–२००४) हा ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा, काही काळ रात्री घरोघर दूध टाकणारा गृहस्थ. रग्बी खेळत असल्यामुळे आपण तंदुरुस्त आहोत असा त्याचा समज होता. एका क्लबाच्या अध्यक्षाबरोबर काही मैल धावल्यावर त्याला धाप लागली आणि तो समज गळून पडला. मग त्याने स्वतःवरच प्रयोग सुरू केले. किती धावले की शरीर थकते, किती धावले की ते मजबूत होते, वेगाचे काम कधी घ्यायचे, हे तो वर्षानुवर्षे आपल्याच पायांवर तपासत राहिला. कधी अंतर वाजवीपेक्षा फार वाढवले, कधी कमी केले, आणि शेवटी आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरच्या आसपास तो स्थिरावला. १९५३ आणि १९५५ मध्ये तो न्यूझीलंडचा राष्ट्रीय मॅरेथॉन विजेता झाला.

ओवाइराका या उपनगरातल्या क्लबात आसपासचे तरुण त्याच्याबरोबर धावू लागले. रविवारी वायटाकेरे डोंगररांगेतल्या वायटारुआ मार्गाची ३५ किलोमीटरची फेरी असे. आठशे मीटर धावणाऱ्यालाही ती चुकत नसे. रग्बीतल्या दुखापतीने डावा हात निकामी झालेला मरे हॅलबर्ग, टेनिसमध्ये रमलेला पीटर स्नेल, बॅरी मॅगी ही त्या गटातली नावे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि तासाभराच्या आत हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. पुढे मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. एका उपनगरातल्या, दुसरी नोकरी करणाऱ्या माणसाच्या हाताखालून हे तिघे गेले होते.

जगभर त्याचे अनुकरण झाले, पण अनेकांनी त्यातला फक्त आकडा उचलला. आठवड्याला शंभर मैल हे वाक्य लक्षात राहिले आणि त्यामागचा क्रम विसरला गेला. लिडियार्डने आधी स्वतःवर तपासले, मग वाढ पूर्ण झालेल्या तरुणांना दिले, आणि अनेक वर्षे धीर धरला. कोवळ्या मुलांकडून दम तोडणारे वेगाचे काम करून घेण्याच्या तो विरोधात होता. त्याच्याकडून घेण्याजोगी गोष्ट हीच आहे की प्रशिक्षकाने आपल्या अंगावर धोका घ्यावा, शिष्याच्या अंगावर टाकू नये.

हौशी प्रशिक्षकाकडे व्यावसायिकाकडे नसलेली एक मोठी ताकद असते. बारा वर्षांच्या मुलाच्या पदकावर त्याचा पगार, बढती किंवा अकादमीचे शुल्क अवलंबून नसते, म्हणून तो थांबू शकतो. चार वर्षे एखादे मूल काहीच जिंकले नाही तरी त्याच्या घरची चूल पेटते. ही मुभा फार मौल्यवान आहे, कारण तिच्या भोवतालची सगळी व्यवस्था घाई करत असते. शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. गरीब घरातल्या पालकाने या गोष्टींकडे आशेने पाहणे अगदी रास्त आहे. पण त्या आशेचे ओझे तेराव्या वर्षीच्या पायांवर आले की ते पाय सतराव्या वर्षी मैदानावर दिसत नाहीत.

घाईचे टोकाचे उदाहरण देशाने पाहिले आहे. २ मे २००६ रोजी ओडिशात बुधिया सिंग या चार वर्षांच्या मुलाला पुरीहून भुवनेश्वरपर्यंत ६५ किलोमीटर पळवण्यात आले. सात तासांच्या त्या धावण्यानंतर मूल कोसळले. देशभर कौतुक झाले, वादही झाला, आणि राज्याच्या यंत्रणेने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली. त्याचा प्रशिक्षक ज्युडोचा जाणकार होता आणि मुलाला गरिबीतून वर काढल्याचे श्रेयही त्याला दिले गेले. पण चार वर्षांच्या मुलाला ६५ किलोमीटर धावायला लावण्याचे समर्थन कोणत्याही हेतूने होत नाही. उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली.

हौशी धावपटू प्रशिक्षक झाला की त्याची पहिली अडचण त्याच्या स्वतःच्या वहीतून येते. त्याला लाँग रन, टेम्पो, इंटरव्हल ठाऊक असतात, आणि तेच थोडे कापून तो मुलांना देतो. मूल मात्र प्रौढाची छोटी आवृत्ती नसते. वजनाच्या मानाने पाहिले तर लहान मुलांची प्राणवायू वापरण्याची क्षमता आधीच चांगली असते, आणि लांब अंतरे धावून ती प्रौढांइतकी वाढत नाही. त्यांची धावण्याची ढब अजून बसलेली नसते. त्यामुळे त्याच वेगाला ती मोठ्यांपेक्षा जास्त शक्ती खर्च करतात. दम तोडणाऱ्या, दीड-दोन मिनिटांच्या जोरकस धावांसाठी लागणारी स्नायूंची यंत्रणा वयात येईपर्यंत कच्ची असते. वजनाच्या तुलनेत त्वचेचे क्षेत्रफळ जास्त आणि घाम कमी, म्हणून कडक उन्हात ती लवकर तापतात. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर सकाळी आठच्या पुढे सराव ठेवणे म्हणूनच चुकीचे आहे. याउलट, दहा सेकंदांची झेप घेऊन मिनिटभरात पुन्हा ताजेतवाने होणे त्यांना सहज जमते. मैदानावर मोकळे सोडलेले कोणतेही मूल तेच करते. धावते, थांबते, परत धावते.

मैदानी खेळांच्या नियमांनी वयाचा हा फरक कधीच मान्य केला आहे. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, तर १८ वर्षांखालील मुलांचा ५ किलोचा असतो. महिलांचा ४ किलोचा, मुलींचा ३ किलोचा. मुलांच्या अडथळ्यांची उंची १०६.७ ऐवजी ९१.४ सेंटिमीटर असते. जागतिक संघटनेच्या किड्स अ‍ॅथलेटिक्स उपक्रमात तर भाला फोमचा आणि अडथळे हलके असतात. भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या आंतरजिल्हा कनिष्ठ स्पर्धेतही १४ वर्षांखालील मुलांना एकाच शर्यतीऐवजी धाव, उडी अशा तीन प्रकारांची मिळून गुणांवर स्पर्धा ठेवलेली आहे. मोठ्या मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतरासाठी १८ वर्षांची अट असते. पण गावोगावच्या पाच-दहा किलोमीटरच्या रोडरेसमध्ये दहा वर्षांची मुले टी-शर्ट आणि मेडलसाठी उतरवली जातात, आणि त्यांना उतरवणारा अनेकदा त्यांचाच प्रशिक्षक असतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात सात किलोचा गोळा कोणी देत नाही. अंतराच्या बाबतीत तेवढेच तारतम्य का वापरले जात नाही, याचा विचार आयोजकांनीही करायला हवा.

मग मैदानावर करायचे काय? बारा वर्षांपर्यंतच्या गटासाठी आठवड्यातून तीन दिवस, तास-सव्वा तास पुरेसा होतो. सुरुवात खेळाने करावी, आणि त्यासाठी परदेशी साहित्य लागत नाही. लंगडीत एका पायावर उड्या मारत पाठलाग करायचा असतो. घोट्याची आणि पोटरीची जी ताकद तिहेरी उडीला लागते, ती इथे हसत-खेळत तयार होते. खो-खोमध्ये बसल्या जागेवरून झेप, दिशाबदल आणि समोरच्याचा अंदाज घेणे हे सगळे आहे, आणि ब्लॉकवरून सुटणाऱ्या धावपटूला तीच उसळी लागते. त्यानंतर गुडघे उचलण्याचे, टाच मागे नेण्याचे एबीसी ड्रिल, तीस-चाळीस मीटरच्या काही धावा, एखादे उडीचे किंवा फेकीचे कौशल्य आणि शेवटी रिले. रिले ठेवावीच, कारण सर्वांत हळू धावणाऱ्या मुलालाही तिच्यात आपल्या गटाचा जल्लोष ऐकायला मिळतो. तेरा-चौदानंतर इव्हेंटचा कल दिसू लागतो. तोवर प्रत्येकाने धावावे, उडी मारावी आणि फेकावे.

या वयात प्रशिक्षकाचे सर्वांत उपयोगी साधन स्टॉपवॉच नसून भिंतीवरची उंचीची पट्टी आहे. दर तीन महिन्यांनी उंची नोंदवली की झपाट्याच्या वाढीचा काळ ओळखता येतो. मुलींमध्ये तो साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. हाडे आधी लांबतात, स्नायू आणि कंडरा मागे राहतात, आणि हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा अजून मऊ असते. टाचेमागचे किंवा गुडघ्याखालच्या उंचवट्यावरचे दुखणे याच काळात सुरू होते. तेव्हा उड्या आणि अंतर कमी करावे, दुखणे टिकले तर डॉक्टरांकडे पाठवावे. स्प्रे मारून पुढच्या हिटला उभे करू नये. याच काळात काही मुलांचे टायमिंग बिघडते, कारण लांब झालेल्या पायांची त्यांना सवय नसते. त्यांना आळशी ठरवणे हा अन्याय आहे. वयोगट ३१ डिसेंबरला मोजला तर जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते, आणि लवकर वयात आलेले मूल त्याहूनही पुढे. चौदाखालील गटातले अनेक विजेते गुणवत्तेपेक्षा या वाढीच्या जोरावर जिंकतात. जन्मदाखल्यात फेरफार करून हा फायदा उकळण्याचे प्रकारही होतात. त्यात मूक संमती देणाऱ्या प्रशिक्षकाने मैदान सोडलेले बरे.

मुलींच्या गटाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. धाप लागणारी, मागे पडणारी मुलगी पुष्कळदा कमी हिमोग्लोबिनशी झगडत असते. तिला जास्त फेऱ्या देण्याआधी रक्ताची तपासणी आणि ताटात डाळ, पालेभाजी, अंडे येते का, याची चौकशी करावी. वजन कमी कर असे तिला कधीही सांगू नये. अपुऱ्या आहारावर जास्त सराव झाला की पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि त्याची भरपाई पुढे नीट होत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत हौशीपणाची सबब चालत नाही. मूल ज्याच्या विश्वासावर किंवा अधिकाराखाली असते अशा व्यक्तीने केलेला गुन्हा २०१२ चा पॉक्सो कायदा अधिक गंभीर मानतो. सरावाला किमान दोन प्रौढ असावेत, मुली असतील तर त्यांतली एक स्त्री असावी. ढब सुधारण्यासाठी हात लावायचा तर आधी विचारावे. निरोप मुलाला एकट्याला न पाठवता पालकांच्या गटावर पाठवावेत. चांगल्या प्रशिक्षकालाही या नियमांनी संरक्षण मिळते.

प्रशिक्षकाच्या स्वतःच्या धावण्याचे काय, हा प्रश्न उरतो. ते त्याने चालू ठेवावे. आपले सर स्वतः घाम गाळतात, हरतात आणि पुन्हा सरावाला येतात, हे मुलांनी पाहण्यात फार मोठे शिक्षण आहे. पण मुलांच्या तासात त्याने धावू नये. पुढे धावणाऱ्याला मागे कोण लंगडतो आहे ते दिसत नाही. धावेकडे एकदा बाजूने आणि एकदा समोरून पाहावे लागते. आपला सराव त्याने आधी उरकावा.

पंधरा-सोळाव्या वर्षी मूल भाल्याकडे किंवा अडथळ्यांकडे वळले की बहुतेक हौशी प्रशिक्षकांचे ज्ञान संपते. तिथे त्याला त्या इव्हेंटच्या जाणकाराकडे सोपवणे हे प्रामाणिकपणाचे काम आहे, आणि अनेकांना ते जड जाते. जिल्हा संघटनांनी अशा प्रशिक्षकांसाठी दर उन्हाळ्यात वाढ, दुखापती आणि बालसुरक्षा यांवरचे दोन दिवसांचे शिबिर भरवावे आणि ते केल्याशिवाय मुलांचा संघ स्पर्धेला स्वीकारू नये. पालकांनीही मुलाला क्लबात घालताना भिंतीवरची पदके मोजण्याऐवजी, तीन वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी किती जण आज मैदानावर आहेत, हे प्रशिक्षकाला विचारावे.