उणीव आणि वरदान

मनुष्याच्या अंगीं जें नाहीं त्यास आपण उणीव म्हणतों आणि जें आहे त्यास संपत्ति. व्यवहारांत हा हिशेब बहुधा बरोबर ठरतो. त्यामुळें तो सर्वत्र बरोबरच असला पाहिजे असा आपला ग्रह होऊन बसतो. परंतु अर्वाचीन जीवशास्त्रानें या ग्रहास धक्का देणारें एक उदाहरण पुढें ठेविलें आहे. आणि त्यांतून जो नीतिप्रश्न उपस्थित झाला आहे, त्याचा निकाल केवळ शास्त्रज्ञांवर सोंपवून सुशिक्षित कुटुंबांनीं स्वस्थ बसावें असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर सीसीआर-५ नांवाचें एक प्रथिन असतें. तें घडविणारें जनुक मनुष्याच्या तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. या प्रथिनाचें काम निरोप घेण्याचें. शरीरांत कोठें दाह सुरू झाला म्हणजे तेथून रासायनिक हांका निघतात. त्या या ठिकाणीं ऐकूं येतात आणि पेशी संकटाच्या जागेकडे धांव घेते. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजासारखी ही योजना आहे. रात्रीं-अपरात्रीं कोणी मदतीस बोलावण्यास आला तर त्यानें येथेंच कडी वाजवावयाची. परंतु दिंडी जशी निरोप्यास, तशी चोरासहि उपयोगी पडते. एड्स हा रोग उत्पन्न करणारा एचआयव्ही विषाणु सीडी-४ नांवाच्या दुसऱ्या एका प्रथिनास प्रथम चिकटतो आणि मग बहुधा याच दिंडीनें पेशींत शिरतो. ही गोष्ट १९९६ सालीं उघडकीस आली.

त्याच वर्षीं दुसरीहि एक गोष्ट कळली. कांहीं लोकांच्या या जनुकाच्या मजकुरांतून ३२ अक्षरें गळालेलीं असतात. त्यामुळें प्रथिन अपुरें बनतें आणि पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोंचतच नाहीं. ज्यास आई आणि बाप या दोघांकडूनहि असें तुटकें जनुक मिळालें, त्याच्या पेशींस ही दिंडीच नसते, आणि विषाणूच्या नेहमींच्या जातींस आंत शिरतां येत नाहीं. दुसऱ्या वाटेनें शिरणाऱ्या जाती आहेत. म्हणून हें अभय संपूर्ण नव्हे. युरोपीय वंशाच्या लोकांत अशीं माणसें शेंकडा एकाच्या आसपास आढळतात. आफ्रिका व पूर्व आशिया येथील मूळच्या लोकांत तीं जवळजवळ नाहींत, आणि आपल्या देशांतहि फारच विरळ आहेत.

येथवर वाचून कोणीहि म्हणेल कीं, ही उणीव नसून वरदानच आहे. परंतु अमेरिकेंतील पश्चिम नाईल विषाणूच्या रोग्यांचा अभ्यास करतां २००६ सालीं असें दिसून आलें कीं, ज्यांस ही दिंडी नाहीं त्यांच्यांत त्या रोगाचीं लक्षणें प्रकट होण्याचा धोका अधिक असतो. दार चिणून टाकलें म्हणजे चोर अडतो, पण वैद्यासहि बोलावणें पोंचत नाहीं. २०१९ सालीं तर अशा लोकांचें आयुर्मान कमी असतें असाहि एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि आधारभूत माहितींत चूक आढळल्यामुळें त्याच वर्षीं तो मागें घेण्यांत आला. म्हणजे या उणिवेची खरी किंमत काय, हा हिशेब शास्त्रासहि अद्याप पुरता जुळलेला नाहीं.

आतां या ज्ञानाचा उपयोग मनुष्यानें कसा केला तें पाहूं. बर्लिन येथें राहणारे टिमोथी ब्राउन हे अमेरिकन गृहस्थ एचआयव्हीनें ग्रस्त असतांनाच त्यांस रक्ताचा कर्करोग झाला. दुसऱ्याच्या मूलपेशींचें रोपण करून घेण्यास त्यांनीं प्रथम नकार दिला. रोग उलटला तेव्हां होकार दिला. वैद्यांनीं मुद्दाम तुटक्या जनुकाचा दाता शोधून २००७ सालीं रोपण केलें. पुढल्या वर्षीं तें पुन्हां करावें लागलें. ब्राउन एचआयव्हीपासून मुक्त झाले. २०२० सालीं त्यांचा अंत झाला तो परत आलेल्या कर्करोगानें. हा जिवावरचा उपाय होता. परंतु मरण समोर उभें होतें, आणि ‘नाहीं’ म्हणण्याचा व पुढें ‘होय’ म्हणण्याचा अधिकार ज्याचा त्यानेंच बजावला होता.

याच्या उलट, चीनमधील शेनझेन येथील एका संशोधकानें नोव्हेंबर २०१८ मध्यें जाहीर केलें कीं, आपण गर्भावस्थेच्या आरंभींच हें जनुक बदललें असून दोन जुळ्या मुली जन्मास आल्या आहेत. बाप एचआयव्हीनें बाधित होता, आई नव्हती. बापाचा संसर्ग अपत्यास न होऊं देण्याचे उपाय वैद्यकास अगोदरच ठाऊक होते. जो बदल घडला तो निसर्गांतील ३२ अक्षरांच्या गळतीची हुबेहूब नक्कलहि नव्हता. पुढल्या वर्षीं तेथील न्यायालयानें त्या संशोधकास तीन वर्षांची शिक्षा दिली.

हा विषय वर्गांत निघाला असतां आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, आईबाप मुलास न विचारतांच त्याचें नांव ठेवतात, त्यास लस टोंचवितात, शाळेंत घालतात. मग येथेंच त्याची संमति आडवी कां यावी?” प्रश्न चोख होता, आणि त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस तेथल्या तेथें देतां आलें नाहीं.

पुढें विचार करतां आम्हांस असें वाटतें: नांव मुलास मोठेपणीं बदलतां येतें, शाळेचे संस्कार झुगारतां येतात. लशीची खूण पुसत नाहीं हें खरें. पण ती खऱ्या धोक्यासाठीं दिली जाते, तिचा लाभ असंख्य मुलांवर पडताळलेला असतो, आणि ती नातवंडांच्या रक्तांत उतरत नाहीं. दिंडी तात्पुरती अडविणारें मॅराव्हिरॉक नांवाचें औषधहि २००७ पासून उपलब्ध आहे. तें सोडलें कीं दिंडी पुन्हां मोकळी होते. गर्भाचें जनुक बदलणें यांपैकीं कशांतच बसत नाहीं. तें परत घेतां येत नाहीं, आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढें जाऊं शकतें. आईबापांचा अधिकार विश्वस्ताचा आहे. विश्वस्तानें ठेव सांभाळावी, अडचणीस ती खर्चहि करावी. परंतु केवळ आपल्या अंदाजावर ती कायमची गुंतवूं नये.

कोणी म्हणेल, निसर्ग तरी कोठें संमति घेतो? घेत नाहीं, हें खरें. परंतु निसर्गास जाब विचारतां येत नाहीं. मनुष्यास येतो, आणि म्हणूनच नीतीचें बंधन मनुष्यास आहे. जन्मतःच प्राण घेणारा रोग असेल आणि दुसरा उपायच नसेल, तेथें प्रश्न निराळा होईल. त्याचें दार आम्ही येथें लावून घेत नाहीं.

त्या दोन मुली उद्यां जाणत्या होतील आणि आमच्यांत काय उणें होतें म्हणून तुम्हीं बदललें, असें विचारतील. कांहींच उणें नव्हतें, हेंच त्याचें खरें उत्तर आहे. आणि तें त्यांच्यापुढें उच्चारण्याचें धैर्य कोणास होईल हें आम्हांस सांगवत नाहीं.