शीड वेळेवर आखडणं

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे बाकी सगळी कामं बाजूला. हौद, ड्रम, हंडे, कळशा भरून घ्यायच्या आणि पुढचे किती दिवस यावर काढावे लागतील, याचा अंदाज बांधायचा. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरीही हा हिशेब करताना मला छोट्या होडीतून एकट्याने महासागर ओलांडणारी माणसं आठवतात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये कुठेही न थांबता एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ते मुंबईत बांधलेल्या 32 फुटी ‘सुहैली’तून. वाटेत टाकीतलं पाणी खराब झालं, तेव्हा शिडावरून ओघळणारा पाऊस धरून त्यांनी तहान भागवली. पागोळीखाली घंगाळ ठेवणाऱ्या आमच्या आजीला ही गोष्ट सांगितली असती, तर तिला त्यात नवल वाटलं नसतं.

समुद्राचा ध्यास घ्यायला किनाऱ्यावरच राहावं लागतं असंही नाही. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत, कोरडवाहू मुलखात राहायला गेले. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी लावून धरली. दिलीप दोंदे 2006 मध्ये त्यासाठी पुढे आले, तेव्हा आवटी ऐंशीच्या घरात होते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे 2010 मध्ये परतले. बोट बांधली जात असतानाच ते तिच्याजवळ होते. या सगळ्यात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. भर समुद्रात मिस्त्री बोलावता येत नाही. म्हणून जे आपल्या हातांनी उघडून नीट करता येईल, तेवढंच जवळ ठेवायचं. होडीवरचा साधेपणा येतो तो इथून. त्यात वैराग्य शोधू नये.

पण म्हातारपणी हातांतलं बळच ओसरतं, त्याचं काय? जपानचे केनिची होरिए 2022 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी, जेमतेम 19 फुटांच्या होडीतून एकटे प्रशांत महासागर पार करून गेले. फ्रान्सचे जाँ-ल्यूक व्हॅन डेन हीड यांची डोलकाठी जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत वादळात सापडून खिळखिळी झाली. तेव्हा ते 73 वर्षांचे होते. पुन:पुन्हा डोलकाठीवर चढून त्यांनी ती बांधून घेतली आणि जानेवारी 2019 मध्ये ती शर्यत जिंकली. अशी हिंमत माझ्यात नाही. मी त्यांच्याकडून घेतो ती दुसरीच गोष्ट. शिडाच्या होडीवर जुना नियम आहे: शीड आखडावं असं पहिल्यांदा मनात आलं, की त्याच क्षणी आखडायचं. वारा भरात आल्यावर ते काम चौपट जड होतं. तरुणाला अंगातल्या जोरावर थोडी चालढकल परवडते. म्हाताऱ्याला ती परवडत नाही, म्हणून तो आभाळाकडे आधी बघतो. म्हातारपणी आपलं आपण राहता येतं ते या आधी बघण्याने, असं मला मनापासून वाटतं. ‘मला काही होत नाही’ म्हणत शेवटच्या घटकेपर्यंत मोठं शीड ताणून धरणारे अनेक जण मी पाहिले आहेत. त्यांना सावरायला मग अख्ख्या घराला धावावं लागतं.

मीही त्यांतलाच होतो. गेल्या वर्षी भरलेली मोठी बादली जिन्यावरून वर नेताना गुडघा दगा देऊन गेला आणि तीन आठवडे पाण्याचा प्यालासुद्धा कुणाला तरी हातात द्यावा लागला. मुलगा म्हणाला, “बाबा, मोटर बसवून देतो.” मी म्हटलं, “बसव, पण ती उघडायची कशी ते मला आधी शिकव.” त्या रविवारी आम्ही दोघं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पाना घेऊन बसलो. तरीही वीज नसते तेव्हा पाणी हातानेच वर न्यावं लागतं. त्यासाठी मी एक लहान कळशी आणली आहे. ऊन चढायच्या आत उठतो, ती निम्मीच भरतो आणि दोन खेपा जास्त घालतो.