निर्मळ वाळवंट आणि कोणाची तरी विहीर

निसर्गावर प्रेम करणे हा सद्गुण आहे, हे आपण इतक्या सहजपणे गृहीत धरतो की, ते प्रेम कोण करतो आणि कोठे उभा राहून करतो, हे विचारावयाचे राहूनच जाते. डेव्हिड लीन यांचा १९६२ सालचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा चित्रपट नेमका तोच प्रश्न पुढे टाकतो, असे आम्हांस वाटते. पहिल्या महायुद्धात तुर्की सत्तेविरुद्ध अरब टोळ्यांनी उठाव केला. त्यात सामील झालेल्या टी. ई. लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्याची ती कथा. युद्धपट म्हणून तिचा गौरव पुष्कळ झाला, सात ऑस्कर पारितोषिके तिला मिळाली, आणि फ्रेडी यंग यांनी रुंद फितीवर टिपलेल्या वाळवंटाची स्तुती तर आजही चालू आहे. त्या स्तुतीच्या भरात एक साधी गोष्ट निसटते. हा चित्रपट वाळूइतकाच पाण्याचा आहे.

चित्रपटात एक अमेरिकन वार्ताहर लॉरेन्सला विचारतो की, या वाळवंटाकडे तुम्ही स्वतः कशामुळे ओढले जाता? ते स्वच्छ आहे, एवढेच उत्तर मिळते. या आवडीचे निदान अमीर फैजल यांनी बरेच आधी, आपल्या तंबूत बसून केलेले असते. ओसाड जागांची भूक इंग्रजांना असते. अरबाला वाळवंटाचे प्रेम नसते, त्याला पाणी आणि हिरवी झाडे हवी असतात, अशा आशयाचे ते बोलतात. आमच्या मते संपूर्ण चित्रपटाचे मर्म या दोन उक्तींच्या मधल्या अंतरात आहे. लॉरेन्सचे प्रेम खोटे नाही. तो उन्हात होरपळतो. वाटाड्या पाणी पीत नाही हे पाहून आपल्या वाट्याचे पाणी पुन्हा पखालीत ओततो. पण वाटाड्याचा संयम हे त्याचे नित्याचे जिणे आहे, आणि लॉरेन्सचा संयम हे त्याने आपखुशीने घेतलेले व्रत आहे. व्रत केव्हाही सोडता येते.

खऱ्या लॉरेन्सने आपल्या ‘सेव्हन पिलर्स ऑफ विस्डम’ या ग्रंथात स्वतःवरच उलटणारा एक प्रसंग नोंदविला आहे. चित्रपटात नफूद ओलांडण्याचा पराक्रम मध्यवर्ती आहे. ग्रंथात मात्र अकाब्याच्या वाटेवर ही मंडळी नफूदच्या कडेकडेने जातात, आणि ती प्रसिद्ध वाळू जरा आत जाऊन पाहावी अशी लॉरेन्सला इच्छा होते. टोळीप्रमुख औदा त्याला फटकारतो: नफूदमध्ये माणूस गरज पडली तरच शिरतो. प्रवाशाची उत्सुकता आणि रहिवाशाची व्यवहारबुद्धी यांची इतकी स्वच्छ गाठ क्वचितच पडते.

आता विहिरीकडे वळू. क्षितिजावरील मृगजळातून एक काळा ठिपका हळूहळू मोठा होत येतो, गोळी सुटते आणि लॉरेन्सचा वाटाड्या तफस विहिरीच्या काठी कोसळतो. मारणारा शरीफ अली. तफस परक्या टोळीचा होता, त्या टोळीला या विहिरीवर पिण्याची मनाई होती, आणि हे त्याला ठाऊक होते, एवढेच अलीचे स्पष्टीकरण. त्याच पाण्यावर लॉरेन्सला मात्र मोकळीक आहे, कारण तो पाहुणा. लॉरेन्स संतापतो, टोळ्याटोळ्यांत असे लढत राहाल तर क्षुद्रच राहाल, असे सुनावतो. प्रेक्षकाचे मन त्याच्या बाजूने धावते, आणि खून हा खूनच आहे, यात आम्हांस शंका नाही. तथापि अलीच्या नियमामागे एक हिशेब आहे. जेथे दोन विहिरींमध्ये दिवसांची वाट आहे, तेथे कोण किती उपसतो यावर माणसांचे आणि जनावरांचे प्राण टांगलेले असतात. विहीर आमची, याचा तेथील अर्थ तिची राखण आमची, असाही होतो. तो नियम क्रूर आहे, परंतु पाण्याची किंमत जाणणाऱ्यांनी केलेला आहे. वाळवंटाला स्वच्छ म्हणणाऱ्याच्या मनात अशी किंमत कधी मांडलीच गेलेली नसते.

हा प्रसंग मराठी माणसास तटस्थपणे पाहता येणे कठीण आहे. पाण्याला शिवल्याबद्दल माणसावर हात उचलणे आपणांस अपरिचित नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह पाणी प्याले. ते तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, तरी त्या दिवशी मारहाण झाली, आणि न्यायालयीन वाद मिटावयास १९३७ उजाडले. दोन्ही ठिकाणी पाण्याची मनाई आहे, म्हणून त्यांना एका मापाने मोजण्याचा मोह होतो. पण महाडला पाणी तुटपुंजे नव्हते. गुरेढोरे जेथे पीत होती तेथे माणसास बंदी होती. दुर्मीळतेतून आलेला नियम कठोर असला तरी त्याच्याशी बोलणी करता येतात. पाणी वाढले, करार झाला, तर तो सैल होऊ शकतो. तुच्छतेतून आलेला नियम भरलेल्या तळ्याकाठीही तसाच उभा राहतो. लॉरेन्सचा राग आपल्याकडील तळ्यावर अधिक शोभला असता, असे आम्हांस राहून राहून वाटते.

चित्रपट स्वतः या दोषातून सुटलेला नाही. अस्पर्श वाळूचे ते विस्तीर्ण पट दिसावेत म्हणून प्रत्येक चित्रणापूर्वी पथकाला आपलीच पावले पुसून काढावी लागत; पिण्याचे पाणी दुरून गाड्यांनी आणावे लागे. म्हणजे पडद्यावरची स्वच्छता ही काही अंशी झाडूची कामगिरी आहे. आणि ज्या हेजाझ रेल्वेच्या गाड्या लॉरेन्स सुरुंगांनी उडवतो, तिच्या इंजिनांना जळण कोठून मिळत होते, हे चित्रपटात येत नाही. शोबकजवळील हीशा अरण्यातील लाकूड तोडून आणण्यासाठी तुर्कांनी युद्धकाळात खास एक फाटा टाकला होता. वाळवंटाच्या कडेला असलेले ओक वृक्ष असे भट्टीत गेले. त्याच्याही पुढची हानी पुढच्या पिढीने केली. बंदुका आणि मोटारी दोन्ही सुलभ झाल्यावर पांढऱ्या अरबी ओरिक्स हरणाची शिकार इतकी झाली की, मुक्त रानातील अखेरचे ओरिक्स १९७२ मध्ये नाहीसे झाले. बंदिवासात वाढविलेले कळप १९८२ मध्ये ओमानच्या माळावर पुन्हा सोडावे लागले. रिकामे दिसणारे रान खरोखरच रिकामे झाले, आणि दुरून पाहणाऱ्यास दोहोंत काही फरक जाणवला नसता.

ज्या वादी रममध्ये चित्रपटाचा मोठा भाग टिपला गेला, ती दरी २०११ मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली. तांबड्या कड्यांखाली तंबू ठोकून राहावयास जगभरातून प्रवासी येतात आणि तेथील बेदुइन त्यांच्यावर बऱ्याच अंशी पोट भरतात. तेव्हा पाहुण्याच्या प्रेमाची निव्वळ टिंगल करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. पण त्या कड्यांच्या परिसरातच, दिसी गावाजवळ, जमिनीच्या पोटात हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचे पाणी साठलेले आहे. आजचा पाऊस ते भरून काढू शकत नाही. २०१३ पासून सुमारे ३२५ किलोमीटर लांबीच्या नळातून वर्षाला दहा कोटी घनमीटर पाणी राजधानी अम्मानकडे नेले जाते, कारण अम्मानची तहानही खोटी नाही. तोच साठा सीमेपलीकडे सौदी अरेबियाच्या हद्दीतही पसरलेला आहे, आणि तेथे गव्हासाठी तो अनेक वर्षे उपसला गेला. २०१५ मध्ये दोन्ही राज्यांनी करार करून सीमेलगतच्या पट्ट्यात उपशावर बंधने घातली. विहीर कोणाची, या अलीच्या प्रश्नाला बंदुकीऐवजी कागदाने दिलेले ते एक उत्तर आहे. मात्र ज्यांच्या वाट्याचे पाणी आज उपसले जात आहे, ती पुढची माणसे त्या कागदावर सही करावयास हजर नव्हती.