देवासाठी तोडलेले फूल

बडोद्याच्या कमाटी बागेत रोज सकाळी फिरावयास जाणाऱ्या मंडळींत आम्हीही आहोत. एके दिवशी परतताना आमच्या पिशवीत जास्वंदीची पाच-सहा फुले होती. बागेच्या माळ्याने अदबीने विचारले, "काका, ही इथलीच ना?" आम्ही तत्काळ उत्तरलो, "देवासाठी आहेत." तो मुकाट्याने बाजूस झाला, पण त्या दिवशी पूजेत आमचे मन लागले नाही. देवाला वाहिल्याने फूल घेण्यातला दोष नाहीसा होतो काय?

विश्वामित्रीकाठची ही बाग १८७९ साली उभी राहिली. सयाजीराव महाराज तेव्हा अल्पवयीन होते व दिवाण टी. माधवराव कारभार पाहत. पुढे १८९४ मध्ये तेथे संग्रहालयाची इमारत झाली. राजवाड्याच्या उपवनावर पहारा असतो; ही बाग मात्र रयतेला मोकळी झाली. १९४९ साली संस्थान विलीन झाले. राजा गेला, बाग उरली. परंतु जिचे धनी सर्वजण, तिचा धनी कोणीच नाही, असे आपण मनात धरून चालतो.

आम्ही शास्त्राचा आधार शोधला. गाईसाठी गवत, अग्नीसाठी समिधा आणि वृक्षवेलींची फुले आपलीच समजून घ्यावीत, अशी मोकळीक गौतमधर्मसूत्र देते. क्षणभर समाधान वाटले. मग 'आपलीच समजून' हे शब्द टोचू लागले. जे आपले, त्याला आपण पाणी घालतो, त्याची राखण करतो. आम्ही त्या जास्वंदीला कधी ओंजळभर पाणी घातले होते? घेताना आपले आणि जोपासताना परक्याचे, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, फूल सायंकाळी कोमेजणारच. खरे आहे. पण तोवर ते शेकडो डोळ्यांना सुखवणार होते. त्यांत एखादे आजारातून उठलेले माणूस असेल, एखादे लहान मूल असेल. त्यांचा वाटा काढून घेऊन आम्ही तो आपल्या नावाने देवापुढे ठेवला. दुसऱ्याच्या ताटातला नैवेद्य देव कसा स्वीकारील?

आता आमच्या ओसरीवर कुंडीत जास्वंद लावली आहे. कळी येईतो तुळशीच्या पानावर पूजा होते. आपल्या मंदिरातही रोज परड्या भरून येतात. त्यांतील फुले कोठून आली, हे प्रत्येकाने वाहण्यापूर्वी स्वतःस एकदा विचारावे, एवढीच विनंती. आम्हांला तो प्रश्न माळ्याने विचारावा लागला.